देवघरातला रशियन बिल्ला

आमच्या नारायणभाऊजींचं लग्न कसं जुळलं, ते सांगते. माझे हे धाकटे दीर आगबोटीवर कोळसा ओढून आमच्या गावी, मुर्रीला परतले, तेव्हा त्यांच्याजवळ जहाजाचा नांगर कोरलेला चांदीचा बिल्ला होता. रशियाच्या आरमारातल्या खलाशानं दिला, म्हणायचे. गावाला काही पटेना. मी मात्र तो देवघरात ठेवला, तोही पालथा, कारण मागं इवलासा देवीचा मुखडा होता. दर शुक्रवारी उपास धरून मी त्याला गंध-कुंकू लावायची.

सांगून आलेल्या मुलीचे मामा भाऊजींना बघायला आले. ते मुंबईत सराफाकडे कामाला होते. भाऊजींनी देवघरातून आणून दाखवलेला बिल्ला उलटून म्हणाले, "रशियाच्या चांदीवर मागं बाईच्या डोक्याची बारीक छाप राहते. इथं काहीच नाही. नकली आहे. खोटं बोलणाऱ्याले आमी पोरगी कायले द्यावी?"

भाऊजींनी मान खाली घातली. मी म्हटलं, "मामाजी, एवढा चहा होईतोवर थांबा."

आत जाऊन बिल्ला चिंचेनं घासला. साचलेलं कुंकू सुटलं आणि माझी देवी वर आली.

मामांनी भिंग लावून कितीतरी वेळ पाहिलं. "हीच छाप. पोरगा खरंच बोलून राहिला." मग हसून म्हणाले, "पण बाई, ही देवी नाही, रशियाच्या सरकारचा शिक्का आहे. पूजा बंद करा आता."

"काऊन बंद करू?" मी म्हटलं. "लग्न तर तिनंच जुळवलं."