नीलमाची पारख

माझं माहेर पाटणच्या वरच्या अंगाला, कोयनंच्या काठावर. आता तितं जाऊन बगशीला तर धरणाचं पाणी हाय, घर न्हाई का दार न्हाई, पर आमच्या वक्ताला भात पिकायचं, दाराम्होरं वढा खळखळायचा, आन् तसल्या मुलखातनं मला दिली कुठं तर हिकडं औंधाच्या खाली, घागरभर पाण्याला कोसभर चाला. आय म्हणली, पोरगा पलटणीत हाय, सुखात ठेवील. आवं, सुखात ठेवायला गडी घरात नगं व्हय? हातावरची मेंदी निघाली न्हाई तवर त्यो गेला की मोटारी हाकायला. मोठी लढाई चालू व्हती तवा. गावातलं तरणं गडी समदं तिकडंच, पारावर नुसती म्हातारी माणसं.

मग कवातरी ह्येंला रजा मिळाली. लय न्हाई, वाईचशी. आन् रजा सरली की बोटीत घालून दर्यापल्याड न्हेणार आसं कळल्यालं. आत्याबाई म्हंजी माझी सासू, तिला ह्यो येकच ल्योक. यमाईला नारळ फोडला आन् तशीच गेली जोश्याकडं. जोशी म्हणला, पोराच्या मागं शनी लागलाय, नीलम घाला बोटात, पर बाई, नीलम लय कडक खडा, मानवला तर तारून न्हेईल, न्हाई मानवला तर मुळावर उठंल, तवा आदी पारख करा. पारख कशी, तर खडा निळ्या फडक्यात बांधून तीन राती उशाला घ्यायचा, सपान चांगलं पडलं तर ठिवायचा, वंगाळ पडलं तर सराफाला माघारी. आन् त्या राती गड्यानं भाईर सोप्यात घोंगडं टाकून येकट्यानं झोपायचं, बायकूनं जवळ जायाचं न्हाई. झालं! काय सांगू तुमाला, लिवून घ्या ह्ये बी, रजा ती केवढी, आन् ह्यो शनी माझ्याच वाट्याला आला.

मायल्योक रहमतपुरात आगीनगाडीत बसलं, मिरजंवरनं सांगलीला गेलं, आन् पैलू पाडलेला, लकाकणारा खडा घिऊन आलं. ह्यो खडा सराफ पारखायला तसाच देत्यात, पटला तर अंगठी करायची. ह्यांनी घोंगडं टाकलं सोप्यात. सोप्यात आमची म्हस बांदल्याली. सकाळी उठलं ते घाबरंघुबरं, म्हणलं, आये, काळं जनावर छाताडावर बसल्यालं सपनात. आत्याबाईनं कपाळावर हात मारला. रेडाच की रं त्यो, म्हणली, यमाचा रेडा! आवं, म्हस रातभर ह्येंच्या तोंडावर फुसफुसतीया, सपनात काय हरीण येणार? पर सुनंनं बोलायचं दिस न्हवतं त्ये. मी चुलीत फुकत बसले.

खडा माघारी द्यायचा, दुसरा आणायचा. ह्ये म्हणलं, मी न्हाई येत आता, मला रजा दिली ती काय सराफाच्या पायरीवर बसायला? आत्याबाईचं डोळं अधू, तिला जवळचं दिसंना, म्हणून मग मला न्हेली. सांगली मी पैल्यांदाच बगितली. आत्याबाईनं देवळात गणपतीम्होरं हात जोडाय लावलं आन् मग पेठंत गेलो. सराफानं पांढऱ्या फडक्यावर खडं वतलं. आत्याबाई चकाकणाऱ्यालाच हात घालाय लागली. तिचंबी बरुबर, ल्योकाच्या जिवासाठी घ्यायचा तर उजेड पाडणारा नगं व्हय? पर माझ्या डोळ्यांम्होरं ह्येंचं हात आलं. तेलानं माखल्यालं, मोटारीत कोपरापतूर घालायचं. पैलूचा खडा उंच बसतो, चांदीच्या नखांत धरल्याला आसतो, कुठं आडकला तर खडाबी जायाचा आन् बोटबी. मी पदर वढून म्हणलं, आत्याबाई, त्यो गुळगुळीत घ्या. सासूम्होरं, परक्या माणसाम्होरं मी पैल्यांदा तोंड उघडलं.

गुळगुळीत म्हंजी पैलू न पाडलेला, वरनं घोटून गोल केल्याला, पावट्याच्या दाण्यासारका. सराफ म्हणला, पोरी, ह्येच्यात उजेड खेळत न्हाई, लोकं नाक मुरडत्यात. म्हणलं, नाक मुरडू द्या, तुमी दावा. मग त्यानं बी जीव लावून दावलं. दारात उजेडाला न्हेला, म्हणला, आडवा धरून बघ, काही खडं वरनं निळं आन् बाजूनं पाण्यावानी फिकं आसत्यात. ह्यो नगं, त्यो नगं, करत करत येक आला, कुठनं बी फिरीवला तरी निळाच, सांजंच्याला डोंगर दिसत्यात तसा. बुडाला वाईच पांढरी रेघ व्हती. सराफ म्हणला, चीर न्हवं ती, आंगचीच रेघ हाय, पर पाहिजे तर सोड. मला त्योच पायजे व्हता. आत्याबाईनं त्यो मुठीत धरला, डोळं मिटलं, आन् म्हणली, थंड हाय, घिऊया.

पुना घोंगडं, पुना सोपा. पैल्याच सकाळी ह्ये हसत उठलं, आयेला म्हणलं, देवी आली, भरली ओटी दिली मला, पटला खडा. आत्याबाई नाचायचीच बाकी. मी धार काढत व्हते तर ह्ये म्हशीपाशी आलं आन् हळूच म्हणलं, आगं देवी कुठली, डोळ्याला डोळा न्हाई लागला, पर आता आत झोपायला मोकळा झालो न्हवं?

मी चरवी खाली ठिवली. मलाबी का नगं व्हतं? नव्या नवरीचा जीव माझा, दिसभर काम करताना कान सोप्याकडंच. पर ह्यो मानूस लढाईला चालल्याला, आन् बिगर पारखीचा नीलम बोटात घालणार? म्हणलं, जावा, आज बी सोप्यातच झोपा, आन् खरं सपान पडंल त्येच सांगा. ह्येंचं तोंड उतरलं. म्हणलं, तुला मी नगं झालो व्हय गं? मी म्हणलं, मला तुमी पायजे म्हणूनच सांगती. रागानं फुगलं. आत्याबाईला म्हणलं, अजून बघतो, पक्की पारख हुंदे. आन् झोपलं सोप्यात.

शेवटच्या सकाळी आत्याबाईनं इच्यारलं. ह्ये खाली बघून म्हणलं, सपनात ही आलती, डोक्यावर पाटी घिऊन बांधानं येत व्हती. रिकामी पाटी? आत्याबाईनं धसकून इच्यारलं. न्हाई, म्हणलं, भाकरीनं भरल्याली. म्हातारी रडलीच. मग ह्यांनी माझ्याकडं बघितलं, आन् मला कळलं ह्ये खरं बोलाय लागल्यात.

पर तवर रजा सरल्याली. अंगठी सांगलीतच करून घ्यायची, चांदीच्या पट्टीत खडा बसवून, खालनं कातड्याला लागंल आसं बूड उघडं ठिवून, म्हंजी त्याच दिशी निघाय पायजे. निघालं. मी येशीपतूर गेले. ह्ये मागं वळून म्हणलं, आल्यावर बघतो तुज्याकडं. हसत म्हणलं ह्ये, तेवढंच बरं वाटलं मला.

पुढं लय दिस गेलं. आमच्या आळीतली पोरं गेली ती काही आलीच न्हाईत, त्यांच्या बी दंडात ताईत व्हतंच की. कुणाचं तोंड बघवायचं न्हाई. ह्ये आलं. काळं ठिक्कर पडल्यालं, अर्धं झाल्यालं, पर आलं. बोटात अंगठी, चांदी चेमटल्याली, खडा जिथल्या तिथं. आत्याबाईनं त्या खड्याला हळदकुकू लावलं. मी समद्यांदेखत ह्येंचा हात धरून बसले, लाज गेली चुलीत.

मग उभा जलम संसार केला आमी. चार लेकरं, नातवंडं, समदं बघून ह्ये गेलं, म्हातारं हुन, आपल्या अंथरुणावर, माझ्या मांडीवर डोकं ठिवून. थोरली सून मला म्हणली, आत्याबाई, लय गुण आला बगा नीलमाचा. म्हणलं, व्हय बाई, आला. आन् त्यो यावा म्हणून मीच पाठीवलं ह्येंला सोप्यात, आज बी तेच केलं आसतं. पर तुमाला म्हणून सांगती, येवढा जलम संगं काढला तरी रात पडली की त्या सोप्यात गेलेल्या रातीच आठवत्यात, आन् त्या मला पायजे वाटत्यात. लिवलं न्हवं समदं? मग उठा आता, दिस कलला. घरी तुमची बायकू वाट बघत आसंल. जावा बाबा, सुखात ऱ्हावा दोघं.