यादीत माझं नाव नाही

तुम्हीच सांगा गं, राग येणार नाही का? सातपूरच्या कंपनीतून निवृत्त झाल्यावर आमच्या ह्यांनी घरच्या कॉम्प्युटरवर विंडोज काढून ते फुकटचं लिनक्स बसवलं. रोज लागणारं सगळं टाकलंय म्हणाले. बघते तर बुद्धिबळ आहे, हवामान आहे, गाणी आहेत, फक्त मराठी टायपिंग नाही! येत्या सोमवारी माझ्या सोळा सोमवारांचं उद्यापन, बायकांना वाटायला कथा टाइप करायची होती. "टाकतो गं उद्या," असं चार दिवस ऐकलं. करतील, माणूस वाईट नाही, म्हणून वाट पाहिली.

शेवटी भाचीनं फोनवर सांगितलं तशी मराठी टायपिंग बसवायची आज्ञा मीच कॉम्प्युटरच्या त्या काळ्या चौकटीत लिहिली, माझा पासवर्ड दिला. त्यावर इंग्रजीत उत्तर आलं, 'तुमचं नाव परवानगीच्या यादीत नाही. या प्रकाराची तक्रार केली जाईल.' देवाच्या कामाला बसलेल्या बाईची तक्रार! तीस वर्षांत शेजारणीनंसुद्धा केली नाही हो.

"अहो, ही तक्रार जाते कुणाकडे?"

पेपरातून मान वर न काढता हे म्हणाले, "माझ्याकडेच. नवीन काही बसवायची परवानगी कुणाला, ती यादी मीच केलीय."

"मग आली ना? उठा आता, आणि तिचं निवारण करा!"