तौनोचं टक्कल आणि कोंबडीबाज

आउने : मान हलवू नकोस. ओरखडे खोल आहेत, अजून रक्त येतंय.

तौनो : मागून आली गं. ना आवाज, ना काही. मला वाटलं, फांदीच कोसळली डोक्यात. वळून बघतो, तर बाई समोरच्या झाडावर बसून माझ्याकडे रोखून बघतायत. नारिंगी डोळे. टोपी ओढ्यात वाहून गेली.

आउने : बरं झालं, धुवायलाच झाली होती. पण तू रानात कशाला गेलास? सकाळी तर मासे धरायला निघालास.

तौनो : वाटेत जरा वळलो.

आउने : गळ न घेता? तो तर दाराआड उभा आहे. आणि बोटांना हे लाल काय लागलंय? रक्त इतकं चकाकत नाही.

तौनो : रंग आहे. खुणेचा.

आउने : झाडं पाडायच्या खुणेचा.

तौनो : हे बघ, आपल्या सौनाच्या भिंती कुजल्यात, छत गळतंय. आपलीच झाडं, आपलंच लाकूड. ओस्मोला विचारलं, तो म्हणाला, तुम्ही खुणा करून ठेवा, गुरुवारी करवत घेऊन येतो, जेवणाच्या वेळेपर्यंत सगळी आडवी करतो. तुला सांगणारच होतो मी.

आउने : कधी? झाडं पडल्यावर?

तौनो : नवी सौना तापल्यावर. वाफेत बसलीस की तुझा राग लवकर उतरतो.

आउने : बाबांनी रान दोघांच्या नावावर ठेवलंय, भाऊराया. थोरल्या बहिणीला विचारायची रीत असते.

तौनो : पण तुला तर आनंद व्हायला हवा. तिचं घरटं खुणा केलेल्या झाडांतच आहे. तुझ्या किती कोंबड्या नेल्या तिनं. पाखराचं नावच कोंबडीबाज. तूच म्हणत होतीस ना, घरटं सापडू दे, काठीनं खाली ओढते म्हणून?

आउने : मी पुष्कळ काही म्हणत असते.

तौनो : ते खरंच. कारण घरट्यापासून थोडं लांब, झुडपांत, एक स्टूल दिसलं मला. आपलं गाईची धार काढायचं जुनं स्टूल. त्यावर तू विणलेली उशी. उंदरांनी नेली म्हणालीस, तीच.

आउने : मोठे उंदीर होते.

तौनो : आउने.

आउने : बरं, ऐक. पहिल्या दिवशी मी दगड घेऊनच गेले होते. एका बुंध्यावर माझ्या ठिपकेवालीची पिसं पसरलेली. नर तिथं बसून शिकार सोलतो, मग मादीला हाक मारतो. ती येते, घास हिसकावते आणि त्याला घालवून देते. अंगानं तिच्या निम्मा असेल. अगदी तुझ्यासारखा, फक्त कामसू.

तौनो : आणि दगड?

आउने : तेवढ्यात ती पिल्लांना भरवायला लागली. कापसाचे गोळे नुसते. ज्या चोचीनं माझी कोंबडी फाडली, त्याच चोचीत नखाएवढा तुकडा धरून उभी. धाकट्याला तोंड उघडायला वेळ लागतो. ती थांबते. मोठ्या पिल्लानं मान पुढे घातली तरी त्याला देत नाही. मला हात उचलवेना. दुसऱ्या दिवशी स्टूल नेलं.

तौनो : तुला कधी ओरबाडलं नाही तिनं?

आउने : मी लांब बसते आणि गप्प बसते. तुला दोन्ही जमत नाही.

तौनो : मग पिल्लं उडून जाऊ देत. हिवाळ्यात पाडू झाडं.

आउने : वसंतात ती तिथंच परत येतात. हिरव्या डहाळ्या आणून जुनंच घरटं नीट करतात. झाड नसलं तर काय नीट करतील?

तौनो : म्हणजे नवी सौना राहूनच गेली.

आउने : छत मी धरते, तू ठोक. कुजलेल्या फळ्या तेवढ्या बदलू.

तौनो : आणि उद्या पुन्हा कोंबडी नेली तर?

आउने : तर शिव्या देईन. त्यात मी कधी कमी पडले? जा, ओस्मोला फोन कर.

(तौनो डोक्याला फडकं धरून फोनपाशी जातो.)

तौनो : ओस्मो? गुरुवारी येऊ नकोस... नाही रे, बहिणीनं नाही मारलं. दुसऱ्या बाईनं मारलं... हो, खुणा खरवडून काढतो... पुढच्या वर्षी? नाही, पुढच्या वर्षीही नको.

आउने : या वेळेला नर बहुतेक खार घेऊन येतो. कॉफी थर्मासमध्ये ओतते, तिथंच पिऊ. बोलायचं मात्र नाही.