फायनलचा पहिला बोलर

दुबईतल्या ऊद मेथाच्या बसस्टॉपवर उभ्या अनुराधाचे कान नकळत मागच्या बाकाकडे लागले. किटबॅग पायाशी ठेवून दोघे जण बसले होते.

"शुक्रवारी फायनलला बोलिंग तूच ओपन कर, निनाद."

"माझी कंबर धरलीय, शैलेंद्र. तहाला दे."

"तहा नवा आहे. त्यांचा ओपनर फाडून खाईल त्याला."

"तो डावखुऱ्या बोलरला चाचपडतो. तहा डावखुराच आहे."

"मग तू शेवटच्या ओव्हर्स टाक."

"नको. मी टीममध्ये असलो की पहिला बॉल तू मलाच देणार."

"देणारच. कप हवाय आपल्याला."

"मॅचला मोठे साहेब येतायत. बोलर आवडला तर कंपनीत घेतात. मलाही तसंच घेतलं होतं."

"मग?"

"तहाचा व्हिजिट व्हिसा महिनाअखेरीस खलास. मग परत रत्नागिरी."

"आणि हरलो तर?"

"कंबर खरंच धरलीय रे. वाकताही येत नाही."

तेवढ्यात बस आली आणि पार पुढे जाऊन थांबली. निनादनं वाकून किटबॅग उचलली, खांद्यावर टाकली आणि धावत जाऊन दार अडवून धरलं. अनुराधा चढली. मागून शैलेंद्र सावकाश आला.

"दमानं रे," तो म्हणाला. "शुक्रवारपर्यंत कंबर धरलेलीच राहू दे."