राजा मरतो ते प्रकरण

सगळा दोष मोटघरे गुरुजींचा. तुमसरच्या आमच्या वाचनालयाचे ते ग्रंथपाल, आणि गप्प कधी बसावं ही अक्कल माणसाला साठीतही आली नव्हती.

आणीबाणी नुकतीच उठली होती. मी कॉलेज सोडून दाढी वाढवली होती आणि दोन मित्रांसोबत सायक्लोस्टाइल अंक काढत होतो. ऐतिहासिक कादंबरी म्हणजे म्हाताऱ्यांची अफू, असं मी त्यात लिहूनही टाकलं होतं. तेवढ्यात तसलाच एक नामांकित कादंबरीकार वाचनालयात भाषणाला आला. मी मधेच उभा राहिलो.

"राजेरजवाडे लिहिता, पण इथल्या राईस मिलमधला हमाल कधी दिसला का तुमाले? तुमची पुस्तकं आमी हातातबी धरत नाही."

मित्रांनी टाळ्या वाजवल्या. लेखक काही बोलणार, तोच गुरुजींनी रजिस्टर उघडलं.

"काहून खोटं बोलतं बाबू? साहेबाचं पुस्तक चार महिन्यांपासून तुयाच घरी हाये. तीनदा नवी तारीख टाकून नेलं. बाकीचे वाचक वाट पाहून राहिले."

लेखकानं शांतपणे विचारलं, "राजा मरतो ते प्रकरण कसं वाटलं?"

वाचलंच नाही, असं सांगायला मी तोंड उघडलं आणि निघालं भलतंच.

"दोनदा रडलो जी."

सगळं वाचनालय हसलं. फक्त माझे दोघे मित्र हसले नाहीत. पुढच्या अंकावर माझं नाव नव्हतं. मला मित्र ते दोनच होते.