पाच खंडांवरील कुंकवाबाबत

नाव: शशिधर मोरेश्वर आगाशे. वय: ५३. व्यवसाय: कौन्सिलच्या पेन्शन विभागात नोकरी, रविवारी संस्कृतचे वर्ग, लंडनच्या एका मराठी त्रैमासिकाचा वार्ताहर. राहणार: पिनर. दिनांक: १७ ऑक्टोबर २००८.

मी स्वतः पोलीस ठाण्यात हजर राहून सांगतो की, मला इंग्रजी उत्तम येते. तरीही हा जबाब मी मराठीत देत आहे, कारण इंग्रजीत संताप व्यक्त करताना माझ्या तोंडून आधी ‘सॉरी’ निघते. दुभाषी म्हणून श्रीमती रिवका रोहेकर, मूळच्या मुंबईच्या ज्यू, हजर आहेत. मी सांगतो ते त्या लिहून घेत आहेत. चौकशी पी.सी., म्हणजे पोलीस शिपाई, हॅरिस करत आहेत.

माझी मुलगी अन्वी, वय १४, ही आमच्या भागातील वाचनालयाच्या युवा वाचक पॅनेलवर आहे. किशोरांसाठीच्या भुताखेतांच्या कादंबऱ्या वाचून त्यांतून वर्षाची सर्वोत्तम कादंबरी निवडणे हे पॅनेलचे काम. निवड उद्या, शनिवारी दुपारी आहे. त्यासाठी अन्वीने एका मालिकेचे पाच खंड घरी आणले होते. वेल्समधल्या किनाऱ्यावरच्या गावात, औषधांच्या दुकानात नोकरी करणाऱ्या रक्तपिपासू तरुणाची ती प्रेमकथा आहे. मीही तीन खंड वाचले. प्रेतात शिरून बोलणारी पिशाच्चे संस्कृत कथाकारांनी पूर्वीच हाताळली आहेत. ती इतके उसासे टाकत नसत, एवढाच फरक.

दसऱ्याला आमच्याकडे सरस्वतीपूजन असते. मी अन्वीला म्हणालो, “तुझी पुस्तकं पाटावर ठेव.” तिने हे पाच खंड आणून ठेवले. मी म्हणालो, “अगं, अभ्यासाची.” ती म्हणाली, “पण बाबा, मी तर हेच वाचते ना!” युक्तिवाद बिनतोड होता. वाचनालयाच्या पुस्तकांना प्लॅस्टिकचे वेष्टन असते, त्यावर कुंकू ठरेना. म्हणून मी प्रत्येक खंड उघडून पहिल्या पानावर ओल्या बोटाने लावले. बोट माझे. अन्वीने फक्त अक्षता वाहिल्या.

दसऱ्यानंतरच्या शनिवारी अन्वी ती पुस्तके परत करायला गेली. काउंटरवरच्या बाईंनी लाल ठसे पाहून, रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारले, “हे काय आहे?” अन्वीने खरे ते सांगितले: “माझ्या बाबांनी केलंय. दरवर्षी करतात. रिच्युअल आहे.” पुढचे तिला बोलू दिले नाही. चौकशी होईपर्यंत तिचे कार्ड बंद झाले, पॅनेलमधून नाव कमी झाले. पुस्तकांवर रक्त आहे, असे पोलिसांना आणि शाळेलाही कळवण्यात आले.

मला न विचारता सोमवारी शाळेत तिला एका खोलीत नेऊन दोन्ही बाह्या वर करायला लावल्या. कापल्याच्या खुणा शोधत होते. उजव्या हातावर काही नव्हते. डाव्या मनगटावर बॉलपेनने लिहिलेली पॅनेलची तारीख होती. ती पुसायला सांगितली. मंगळवारपासून घरात हीटिंग चालू असतानाही अन्वी बाह्या बोटांपर्यंत ओढून बसते. याला जबाबदार कोण, असा माझा प्रश्न आहे. तो दुभाषींनी तीव्रता कमी न करता पोहोचवावा.

पी.सी. हॅरिस यांनी विचारले, की कुंकू म्हणजे काय. मी सांगितले, हळद आणि चुना. घरात आणखी कशाला लावले, असे विचारल्यावर मी सांगितले, की तुमच्या कार पार्कमधल्या माझ्या गाडीच्या बॉनेटला. टोस्टरही पाहता येईल. शिवाय ते रक्त असते, तर कथेच्या नायकाने पहिल्या पानावर शिल्लक ठेवले नसते. यावर ते हसले नाहीत. पिशवीतून तिसरा खंड काढून ठसा दाखवू लागले, तोच पुस्तक निसटून जमिनीवर पडले.

मी आणि रिवकाबाई एकदमच वाकलो. पुस्तक त्यांच्या हाती आले. त्यांनी मुखपृष्ठाला ओठ टेकले आणि ते माझ्याकडे दिले. मी ते कपाळाला लावून टेबलावर ठेवले. रिवकाबाई ओशाळून मराठीत म्हणाल्या, “सवय हो! आमच्यात प्रार्थनेचं पुस्तक पडलं की असं करतात. हे कसलं आहे कोण जाणे.”

“दातांचं,” मी म्हणालो.

हॅरिस यांनी आम्हां दोघांना विचारले, “आत्ता तुम्ही काय केलंत?” नियमाप्रमाणे रिवकाबाईंनी हा प्रश्न आधी मला मराठीत करून सांगितला.

मी सांगितले, “हेच. दसऱ्याला हेच केलं.”

त्यावर त्यांनी गुन्हा घडलेला नाही, असे माझ्यासमक्ष नोंदवले. वाचनालयाला मात्र ते हुकूम करू शकत नाहीत, फक्त कळवतील, असे म्हणाले. माझी माफी कोणी मागू नये. अन्वीची मागावी, त्याच काउंटरवर आणि त्याच आवाजात.

जबाब वाचून होताना अन्वीला बाहेरच्या बाकावरून आत बोलावले. सोमवारी शाळेतून परतताना गाडीत काय झाले याबद्दलचे एक वाक्य काढून टाका, असे ती म्हणाली. ते काढले आहे. मग तिने हॅरिस यांच्याकडे पाचही खंड मागितले. उद्या पॅनेलला ती स्वतः घेऊन जाणार आहे. नाव कमी केलंय ना, असे मी म्हटल्यावर ती म्हणाली, “मग त्यांनी ते मला तोंडावर सांगू दे. आणि बाबा, तुम्ही गाडीतच बसा. श्लोक नको, प्लीज.” पुस्तके घेण्यासाठी तिने बाही कोपरापर्यंत वर केली.

गाडीत बसण्याची अट मला मान्य आहे. काढलेले वाक्य सोडून बाकी सर्व मजकूर मी ऐकला. तो मी बोललो तसाच उतरला आहे.

सही: श. मो. आगाशे
लिहून घेणार व वाचून दाखवणार: रिवका रोहेकर