रिबिनीखालून

हौसा : किती झाला म्हनालात?

बळीराम : दोनशे लिटर! दोनशे लिटर च्या, हौसा. आला टाकून, गवती चहा टाकून. लग्नातला मोठा टोप काढला. पोलिसांनी सकाली मुंबईचा रस्ता बंद केला आनि अर्ध्या तासात शिरढोनच्या फाट्यावर बळीराम घरताचा च्या चालू. कोकनातून आलेली एक बस सोडली नाय मी.

हौसा : आनि पानी?

बळीराम : चारशे बाटल्या. वर कलिंगड. ती अमजदची आयडिया.

अमजद : माझी नाही हां वहिनी. मी केळी म्हणालो होतो. शेठ म्हणाले, केळ्यानं तहान भागत नाही.

हौसा : म्हनजे च्या, पानी आनि कलिंगड.

बळीराम : मग? मुंबईत बाँब फुटलेत, लोका रस्त्यात अडकलीत, आपुन घरात बसून टीव्ही बघायचा? वासुदेव बळवंतांच्या गावचे आमी. देशासाठी काय तरी करायला नको?

हौसा : वासुदेव बळवंतांनी इंग्रजांना पलवला. तुमी बायकांना पलवताय.

बळीराम : कुठं पलवताय?

हौसा : तेच तर विचारते. कुठं पलायचा त्यांनी? दोनशे लिटर आत गेला, तो भायेर कुठं येनार?

बळीराम : म्हनजे... अरे द्येवा.

अमजद : शेठ, मी मघापासून हेच सांगायचा प्रयत्न करतोय. पनवेलात तीस वर्षं कमोड विकतोय, पण लेडीजसमोर शब्द तोंडातून निघत नाही.

हौसा : पुरुषांचा काय नाय. रस्ताभर उभे हायत, जसा काय झाडांना पानी घालायचा ठेका घेतलाय. बायकांनी काय करायचा? इथं आडोसा नाय, शेता भराव टाकून सपाट केलीत. त्यात तुमचीपन होती.

बळीराम : आपल्या जुन्या घरातला हाय ना एक?

हौसा : होता. साठ बायका गेल्या, एकसष्टाव्या बाईला तुंबला. आता तुमी नव्या बंगल्याची चावी द्या.

बळीराम : कसली चावी?

हौसा : समोर दिसतोय तो बंगला. पाच खोल्या, पाच संडास. अमजदभाईंच्या दुकानातले.

अमजद : इम्पोर्टेड.

बळीराम : तू गप रे. हौसा, डोका ठिकानावर हाय काय तुजा? वास्तुशांती रयवारी हाय.

हौसा : माहीत हाय. पत्रिका मीच वाटल्या.

बळीराम : आमदार येनार.

हौसा : आमदार जेवायला येनार. संडासाला नाय.

बळीराम : फरशी पांढरी हाय, डाग पडतील.

अमजद : नाही पडणार, शेठ. मी गॅरंटी दिलीय.

बळीराम : तू कुनाच्या बाजूनं हायस?

अमजद : फरशीच्या.

बळीराम : सीटवरचा प्लास्टिकपन काढला नाय अजून. मी सोता बसलो नाय त्याच्यावर! तीन महिने नुसता बघतोय.

हौसा : बघायची वस्तू हाय ती?

बळीराम : आनि भटजी बोललेत, मुहूर्ताच्या आधी कुनी पाय टाकायचा नाय. मागल्या दारातून घेतला असता, पन तिथं ह्याच्या फरशीचे खोके छतापरेंत लागलेत. हलवायला चार मानसं आनि अर्धा दीस लागंल.

हौसा : अर्धा दीस थांबनारी बाई मला एक दाखवा.

बळीराम : थांब, मी पोलिसांना विचारून येतो, रस्ता कधी उघडतोय. अमजऽऽद! चल रे!

अमजद : शेठ, मी इथेच उभा आहे, तुमच्या बाजूला. आणि आज जरा हळू हाक मारा.

बळीराम : का?

अमजद : तुम्ही एकदा अमजद म्हणता, दोन बस भरून लोक वळून बघतात. मुंबईत सकाळी जे झालं, त्यानंतर... समजून घ्या ना.

बळीराम : बघू दे वलून. चालीस वर्सं ह्याच आवाजात हाका मारतोय. खालच्या पट्टीत मला येत नाय. कोन काय बोलला काय तुला?

अमजद : बोललं कोणी नाही. महाडच्या बसमधल्या एका बाईनं नाव ऐकलं आणि चहा परत दिला.

हौसा : मग?

अमजद : मग मी विचारलं, साखर कमी झाली का? म्हणाली, हो. मी साखर घालून परत दिला. मग तिची तिलाच लाज वाटली बहुतेक. तीन कप प्यायली.

हौसा : म्हनजे तीपन आता पाय आवलून बसली असंल.

अमजद : पहिल्या सीटवर. खिडकीतून बंगल्याकडेच बघतेय.

हौसा : ऐकलात? आता खरा कारन सांगा, मनस्वीचे बाबा. फरशी नको, आमदार नको, भटजी नको. खरा काय हाय?

बळीराम : खरा काय असनार?

हौसा : चालीस वर्सं संसार केलाय मी तुमच्याशी. तुमी खोटा बोलताना कान खाजवता.

बळीराम : ...पोरीला शब्द दिलाय मी.

हौसा : कसला?

बळीराम : पयला पाय तिचा. दाराला रिबीन बांधलीय ना लाल, ती तिनं कापायची. चांदीची कातर आनून ठेवलीय. कलश तिच्या डोक्यावर, ती पुढं आनि आपुन मागं. आनि पोरगी पहाटे मुंबईला पयल्या शिफ्टला गेली ती गेली. फोन लागत नाय. मी आजच दुसऱ्या कुनाला आत घेतला, तर... तर मीच कबूल केल्यासारखा होईल ना, का ती आता...

हौसा : गप! पुढं एक अक्षर बोलू नका.

बळीराम : म्हनून तर च्या करत सुटलोय. हात थांबला का डोका चालतो.

अमजद : शेठ, सगळे टॉवर जाम आहेत. माझ्या मुलीचा, आसियाचा फोन कामोठ्यातून लागत नाहीये. कामोठे तर इथे आहे. मनस्वी सुखरूप असणार.

बळीराम : तुला काय म्हाईत?

अमजद : माहीत नाही. पण दुसरं काही म्हणायला जीभ उचलत नाही.

हौसा : माजी काय दगडाची छाती हाय, वो? एकशे बारा वेला लावलाय मी फोन. पन त्या बसमधल्या पोरी बघतेय ना, आनि मला वाटतंय, आपलीपन आता कुनाच्या तरी दारात अशीच उभी असंल. आनि आतला बाप तिला सांगत असंल, रयवारी या, वास्तुशांतीला. आता कान खाजवू नका. चावी द्या.

बळीराम : कुलूप काढतो. पन रिबीन नाय कापनार. तेवढी मी नाय कापू देनार, हौसा, काय वाटेल ते बोल.

हौसा : मग जानार कशा त्या? उडून?

अमजद : शेठ, एक मिनिट. ती कोण आजीबाई येतेय पळत? नऊवारीतली?

हौसा : भीमाबाई. महाडच्या बसची. पंचाहत्तर वर्सांची हाय. गुडघे गेलेत, तिनंच सांगितला मघाशी.

बळीराम : गुडघे गेलेली मानसा अशी धावत नाय. अवो! अवो आजी! थांबा, कुलूप काढतोय... हां, निघाला. आता जरा थांबा, ती रिबीन... अवो आजी!

हौसा : गेली.

बळीराम : रिबीन?

हौसा : रिबीन हाय. ती गेली. खालून गेली.

अमजद : माशाल्लाह. पंचाहत्तराव्या वर्षी एवढं वाकणं...

बळीराम : अमजद, घरात पयला पाय पडला रे. काय करू मी आता?

अमजद : कुठे पडला? शेठ, रिबीन कापली का?

बळीराम : नाय.

अमजद : मग घराचं उद्घाटन झालं का?

बळीराम : नाय.

अमजद : झालं तर मग. आमच्या दुकानातल्या सीटवर शंभर जण बसून बघतात. घरी नेईपर्यंत ती नवीच.

बळीराम : असा धरता येतो?

अमजद : तीस वर्षं आम्ही असंच धरतोय.

हौसा : आता हा ओरडा कसला? आतून!

अमजद : तौबा. वहिनी, आजी मधल्या खोलीत गेली वाटतं. तिथे जपानी सीट आहे. बाजूचं बटण दाबलं की खालून गरम पाणी येतं, मग वारा येतो. मी शेठना म्हणालो होतो, साधी घ्या.

बळीराम : आमदारांसाठी घेतली होती!

हौसा : आजी! घाबरू नका! ...आल्या, आल्या भायेर. काय बोलताय? ...बोलतेय, बाळा, तुझं घर देवमाणसाचं आहे, अंघोळपन झाली.

बळीराम : देवमाणूस बोलली?

हौसा : तुमाला नाय. बटनाला.

बळीराम : बरा. ऐका आता. अमजद, बसवाल्यांना आवाज दे. एकेक बस. पाच आत, पाच भायेर. आनि सगल्यांना सांग, वाकून जायचा. एकीचाबी डोका रिबिनीला लागता कामा नये.

अमजद : मी आवाज देऊ? तुम्हीच द्या.

बळीराम : मी देतो. अमजऽऽद! ह्या अमजदशेठच्या मागनं या गो बायांनो! रांगेत! पयली म्हाडची बस!

(दुपारचे अडीच. दाराला लाल रिबीन, रिबिनीखाली शंभर बायकांची रांग, आणि रांगेशेजारी स्टुलावर उभा, हातातल्या झाडूच्या दांड्यानं रिबीन वर उचलून धरलेला घरमालक. वास्तुशांतीच्या पत्रिकेत यातलं काहीही छापलेलं नव्हतं.)

बळीराम : वाका, ताई. अजून वाका. अंबाडा सांभाला. शाब्बास. पुढची.

अमजद : शेठ, ही सात महिन्यांची आहे. ही कशी वाकणार?

बळीराम : तिनं कशाला वाकायचा? रिबीन वर घेतो ना. हं... ये, बाय, सरल ये. तिला डावीकडचा दे, अमजद. जपानी नको, दचकंल.

हौसा : फिनेल संपला. आनि तिसऱ्याचा पानी जात नाय.

बळीराम : मी बघतो. स्टूल धर, अमजद. दांडा खाली घेऊ नको.

हौसा : तुमी? संडासात?

बळीराम : माजा संडास हाय. मी नाय तर कोन? बोललो होतो, प्लास्टिक काढून पयला मी बसीन. बसायचा राहिला, निदान धुतो तरी.

अमजद : वहिनी, तुमचा फोन वाजतोय. पदरात. वहिनी, फोन!

हौसा : आँ? कोनाचा नंबर हाय हा? ...हॅलो? ...मनू? मनू! बोल गो बाय! ...लागला नाय ना काय? हातपाय? ...खरा सांग. ...बरा. बरा गो. आता आधी मला एक सांग, लघवीला जायला मिलाला का?

बळीराम : हौसा! पोरगी बाँबमधून वाचली आनि तू हा काय विचारतेस?

हौसा : तुमी गप वो. ...हां? ...काय बोलतेस? ...बोलतेय, एका बाईनं रस्त्यावरून घरात घेतला. वलख ना पालख. दोन खोल्या हायत तिच्या आनि आत सोलाजनी बसल्यात. फोनपन तिचाच. आनि दारातच सगल्यांना पयला काय बोलली म्हाईत हाय? संडास डाव्या हाताला.

अमजद : या अल्लाह, तुझा शुक्र आहे.

हौसा : बाबा? हायत ना. हे समोर उभे हायत, हातात संडासाचा ब्रश घेऊन. ...नाय गो, रडत नाय. ...रडतायत. खोटा कशाला बोलू.

अमजद : शेठ, फोन घ्या ना.

बळीराम : हात खराब हायत माजे. हौसा, तिला सांग, रिबीन हाय.

हौसा : बोलतायत, तुजी रिबीन हाय. तीनशे बायका खालून गेल्या, मनू, एकीनं धक्का लावला नाय. ...हसतेय. रडतेय आनि हसतेय.

बळीराम : आनि तिला सांग, या सगल्या वाकून गेल्या, त्यांना घाई होती. तू वाकू नको म्हनावं. तू सावकाश ये, आनि कापून ये.